गॅलरी पडेल असं कुठे लिहिलंय?

मी फटकळ आहे. काळाचौकीतल्या माझ्या माहेरच्या चाळीत कुणालाही विचारा, हेच सांगतील. आणि पोट मात्र भरते ते गुळमुळीत बोलण्यावर. दादरच्या एका कंपनीतून जे इंग्रजी रिपोर्ट बाहेर जातात, त्यांची भाषा तपासायचं माझं काम. साहेब लोक ‘मशीन खराब आहे’ असं सरळ लिहून आणतात. मी त्याचं ‘मशीन अपेक्षेप्रमाणे काम करत नसावं असं दिसतं’ करून देते. इंग्रजीत त्यासाठी एकाहून एक मऊ शब्द आहेत. मे, माइट, अपिअर्स, इन अवर ओपिनियन. नव्या मुलींना मी आल्या आल्या बजावते, ठाम वाक्य लिहिलंत की ते उद्या तुमच्याच गळ्यात पडणार. काहीतरी पळवाट ठेवा.

माझे बाबा चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी होते. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम केलं, पण चाळीचं काम कधी सोडलं नाही. इमारत म्हातारी झाली म्हणून कमिटीने स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं होतं. त्याचा रिपोर्ट गणपतीच्या थोडा आधी आला. बाबांचा ऑफिसात फोन.

“गो, रिपोर्ट इलो. काय धोको नाय!”

एवढा खूश आवाज! मी म्हटलं, मला पाठवा बघू. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचायला घेतला आणि डबा तसाच उघडा राहिला. पहिल्या मजल्याच्या गॅलरीबद्दल एक वाक्य होतं. गॅलरीचे आधार काहीसे कमकुवत झालेले दिसतात, तेव्हा तिथे गर्दी टाळण्याचा विचार करणं कदाचित हितावह ठरेल. एकाच वाक्यात अपिअर्स, मे, अॅडव्हायझेबल आणि कन्सिडर! हा माझाच धंदा आहे, मला कळतं. एवढ्या गाद्या कुणी उगाच अंथरत नाही. वरून कोणीतरी पडेल अशी भीती असते, तेव्हाच अंथरतात.

आणि आमच्या गॅलरीत गर्दी म्हणजे काय, ते आमच्याकडे अनंत चतुर्दशीला येऊन बघावं. मंडळाचा गणपती विसर्जनाला निघतो तो आमच्या चाळीखालून. मूर्ती उंच, पहिल्या मजल्यावर उभं राहिलं की देव समोरासमोर येतो. विरार, डोंबिवलीला गेलेले सगळे त्या दिवशी परत येतात, लेकी-जावई, त्यांची पोरं, शेजारणींच्या बहिणी. कठड्याला माणूस चिकटून उभा, त्याच्यामागे दुसरा, त्याच्या खांद्यावर पोर. गणपती आला की वरून फुलं उधळतात आणि सगळी गॅलरी नाचते. ती नाचते हे आम्ही लहानपणापासून कौतुकानं सांगत आलोय.

संध्याकाळी तडक माहेरी गेले. बाबा आणि कमिटीतले एक काका चहा पीत बसले होते. मी ते वाक्य मराठीत सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. बाबांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं.

“पडेल असं कुठे लिहिलंय? दाखव.”

“असं कोणी लिहीत नाही हो, बाबा.”

“का नाय लिहीत? पडणार असेल तर लिहील की! माणसांचो जीव हा.”

काका हसून म्हणाले, “विचार करा असं लिहिलंय ना? आम्ही विचार केला. नाय वाटत टाळावं.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण त्यांना काय म्हणणार? त्यांनी जे लिहिलं होतं तेच वाचलं होतं.

मग रजा टाकून गिरगावात तो रिपोर्ट लिहिणाऱ्या इंजिनियरच्या ऑफिसात गेले. भला माणूस होता, पाणी दिलं, नीट बसवलं. मी विचारलं, गॅलरीत त्या दिवशी माणसं उभी राहिली तर चालेल का?

“तुमचे वडील राहतात तिथे?” त्याने विचारलं. “मग मॅडम, त्यांना घरातच बसवा. कोणालाच उभं राहू देऊ नका.”

“हेच लिहून द्या. एक ओळ.”

“असं कसं लिहिणार? पडली नाही तर कमिटी माझ्यावर चढेल. आणि पडलीच तर, मी लिहिलेलं आहेच की.”

मी त्याच्यावर ओरडणार होते. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण तो बोलत होता ते रोज मी नव्या मुलींना शिकवते, त्याच आवाजात. पाण्याचा ग्लास ठेवला आणि उठले.

चतुर्दशीच्या सकाळी चाळ पाहुण्यांनी भरली. गॅलरीत पोरांची पकडापकडी चालू होती. बाबा परातीत झेंडूच्या पाकळ्या सुट्या करत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, बाबा, आज गॅलरीत कुणी नको. मी त्या इंजिनियरला भेटून आलेय.

त्यांनी हात थांबवला.

“गो, इंग्रजी रवांदे. पडतली काय नाय, तेवढा सांग.”

“म्हणजे बाबा, तशी शक्यता...”

“शक्यता नको.”

काय सांगू? मला कुठे माहीत होतं? इंजिनियरलाही माहीत नव्हतं. गॅलरी पुढच्या वर्षी पडली असती, त्या दुपारी पडली असती, कधीच पडली नसती. खरं बोलायचं तर इंग्रजीतलं ते मेलं ‘मे’च खरं होतं. पण बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

“पडतली,” मी म्हटलं.

बाबा उठले, खाली मंडळाच्या मांडवात गेले आणि माईकवर बोलले. आमच्या चाळीतल्यांनी खाली यायचं. गॅलरीत कोणी थांबायचं नाही. गॅलरी पडणार आहे. ‘कदाचित’ नाही, ‘बहुतेक’ नाही. पडणार आहे! मग स्वतः कपड्यांच्या दोऱ्या आडव्या बांधून एकेकाला खाली उतरवलं. लोक शिव्या घालत उतरले. पहिल्या मजल्यावरच्या एक आजी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. दर वर्षी त्यांची खुर्ची कठड्याशी ठेवायचे. त्यांना जिना उतरवणं शक्य नव्हतं, खोलीतच राहिल्या. गणपती चाळीसमोर आला तेव्हा त्यांनी आतूनच हात जोडले म्हणे, ढोलाच्या आवाजाच्या दिशेनं.

गॅलरी पडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून चाळीत बाबांचं हसं झालं. “काय सेक्रेटरी, पडली काय?” थंडीत त्या आजी गेल्या. त्यांच्या सुनेनं बाबांना दारात तोंडावर सांगितलं, म्हातारीचं शेवटचं दर्शन तुमच्यामुळे चुकलं. बाबांनी मान खाली घातली. पुढच्या सभेत राजीनामा दिला. मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच मला सहन होत नाही.

यंदा गॅलरी पुन्हा भरली. नव्या कमिटीने टेकूसुद्धा लावलेले नाहीत, रिडेव्हलपमेंट होणारच आहे तर खर्च कशाला म्हणे. बाबा घरात नव्हते. मी शोधत खाली आले तर ते समोरच्या फुटपाथवर गर्दीत उभे. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

“गो,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तेव्हा तू खोटा बोललंस काय?”

ऑफिसात या प्रश्नाला माझ्याकडे भरपूर उत्तरं आहेत.

तेवढ्यात गणपती वळणावर आला. वरून पाकळ्या पडायला लागल्या, गॅलरी नाचायला लागली. सगळ्या रस्त्यानं मूर्तीकडे तोंड करून हात जोडले. बाबा एकटेच देवाकडे पाठ करून आमच्या गॅलरीच्या खालच्या बाजूकडे बघत होते. त्यांचे हात जोडलेले नव्हते. दोन्ही हात पसरून पुढे धरले होते, वरून पडणारं लेकरू झेलायला धरतात तसे.