'माहीत नाही'चा रकाना

व्हर्ना हिएटाला हिने एकतीस वर्षांत चारशे बारा घरे विकली होती, आणि त्यांपैकी एकावरही तिचा पुरता विश्वास बसला नव्हता. अमेरिकेतल्या सरोवराकाठच्या डुलुथमध्ये ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. किंबहुना म्हणूनच लोक तिच्याकडे येत. पहिले घर घेऊ पाहणाऱ्याला एखादा काका किंवा कामावरचा सोबती हमखास सांगे, "व्हर्नाकडे जा. ती तुला घर घेऊच देणार नाही. आणि एवढं करून जे घेऊ देईल, ते डोळे मिटून घे."

तिची पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाईक दिवाणखान्याच्या खिडकीपाशी उभे राहून सरोवराचे कौतुक करू लागले की ती मुकाट्याने तळघराचा जिना उतरे. दिवा लावण्यापूर्वी अंधारात क्षणभर थांबून ती वास घेई. ओलीचा वास आला तर तिला फारसे नवल वाटत नसे. ताज्या रंगाचा आला तर मात्र तिच्या भुवया चढत. घर पाहायला लोक येणार म्हणून मालकाने दालचिनीचे बन भाजून ठेवले असतील, तर ती सगळ्या खिडक्या उघडून अर्धा तास बसून राही, कारण बनामागे कशाचा वास दडवला आहे हे तिला पाहायचे असे. भिंतीशी लावलेली कपाटे ती स्वतः खांदा देऊन सरकवी. स्वयंपाकघराच्या जमिनीवर ती काचेची गोटी ठेवी, आणि गोटी ज्या दिशेला घरंगळेल त्या दिशेला मालकाकडे न पाहता चालू लागे.

अशी ही बाई स्वतः मात्र सव्वीस वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. खाली चपलांचे दुकान, वर ती. कचेरीतली तिची जुनी सोबतीण मार्लीन प्रॅट एकदा तिला म्हणाली होती, "अगं, साऱ्या गावाला वाढतेस आणि स्वतः उभ्याने पाव खातेस! एक घर घे की."

"दाखव एखादं धड," व्हर्ना म्हणाली होती.

"चारशे बारा लोकांना दाखवलीस ती?"

"त्यांना मी त्यातल्या त्यात बरी दाखवली."

पुढे घरमालकीण वारली. तिच्या ॲरिझोनातल्या भाच्याने इमारत विकली आणि नव्या मालकाने ऑगस्टच्या अखेरीस सर्वांना पत्र धाडले: एकतीस ऑक्टोबरपर्यंत जागा रिकाम्या कराव्यात. व्हर्नाने पत्र तीनदा वाचले, त्यात पळवाट शोधली, ती सापडली नाही. आपण ज्यांच्यासाठी भिंती ठोकून पाहिल्या त्यांना निदान कुणी पत्र पाठवून बाहेर काढू शकत नाही, हा विचार तिच्या मनात त्या दिवशी प्रथम आला. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी तिने घर घ्यायचे ठरवले. ऑक्टोबर संपला की बर्फ येणार, आणि बर्फात घर बदलणे म्हणजे काय हे डुलुथमधल्या माणसाला सांगावे लागत नाही.

पाच आठवड्यांत तिने एकोणीस घरे पाहिली आणि एकोणीस घरे नाकारली. विसावे घर आयनार ट्वेट यांचे. लेकसाइड भागातले लाकडी, दुमजली, पिवळसर रंगाचे, मागे सफरचंदाचे एकच झाड. ट्वेट त्र्याऐंशी वर्षांचे होते. चाळीस वर्षे त्यांनी लोहखनिज वाहणाऱ्या जहाजांवर यंत्रे सांभाळली होती. विक्रीचे काम त्यांनी मार्लीनकडे सोपवले होते. घरात व्हर्नाला काही खटकले नाही. तिला खटकला तो कागद.

घर विकणाऱ्याने त्यातले ठाऊक असलेले दोष लिहून द्यावेत, असा नियम आहे. त्यासाठी नऊ पानांचा छापील कागद असतो. तळघरात पाणी येते का? छप्पर गळते का? प्रत्येक प्रश्नापुढे तीन रकाने: होय, नाही, माहीत नाही. वकिलांनी आणि एजंटांनी मिळून गावाला या तिसऱ्या रकान्याची गोडी लावली आहे. ज्या घरात जन्मला त्याच घरात म्हातारा झालेला माणूससुद्धा तळघरातल्या पाण्याबद्दल 'माहीत नाही' अशी खूण करतो आणि निर्धास्त होतो. व्हर्नाचे वाचनही त्यानुसार ठरून गेले होते. 'माहीत नाही' म्हणजे होय. 'नाही' म्हणजे बहुधा होय. 'होय' क्वचितच दिसे, आणि दिसले तर ते किरकोळ बाबतीत.

ट्वेट यांच्या कागदावर तिसरा रकाना साफ कोरा होता. नऊ छापील पानांना शाईने लिहिलेली आणखी चौदा पाने टाचली होती.

"१४ एप्रिल १९८६, पहाटे पाच. तळघर, ईशान्य कोपरा. पाणी दीड इंच. कारण: पन्हळ तुंबली होती. साफ केली. चूक माझी."

"फेब्रुवारी १९९६. न्हाणीघराचा नळ गोठून फुटला. मी जहाजावरून सुट्टीवर घरीच होतो, तरी लक्ष दिले नाही. नळ बदलला, भिंतीतला जुना तुकडा तसाच आहे."

"२०११. मागच्या पायरीचा कठडा सैल. घट्ट केला. २०१२. पुन्हा सैल. हे काम मला कधीच जमलेले नाही."

व्हर्नाने चौदाही पाने वाचली आणि मार्लीनला गाठले. "हा माणूस पंधरावं पान लपवतोय."

"काहीतरीच काय!" मार्लीन कातावली. "मी त्याच्या हातापाया पडले. म्हटलं, आयनार, 'माहीत नाही'वर खुणा करा आणि मोकळे व्हा. म्हणतो, मला माहीत आहे. तीन आठवडे झाले, लोक कागद हातात घेतात, जाडी बघतात आणि पळतात."

"इतकं कोण सांगतं? ज्याला काहीतरी मोठं झाकायचंय तो."

"किंवा ज्याला काहीच झाकायचं नाही तो. असला एखादा असतो, व्हर्ना."

"तू पाहिलायस?"

मार्लीनने क्षणभर विचार केला. "हा पहिलाच," ती म्हणाली.

व्हर्ना त्या तळघरात तीनदा उतरली. ईशान्य कोपऱ्यात गुडघे टेकून तिने दीड इंचाची रेघ शोधली. ती बरोबर दीड इंचावर होती. घरांची तपासणी करणारा माणूस तिने सोबत नेला. दोन तासांनी तो पाने चाळत बाहेर आला आणि म्हणाला, "मला फुकट बोलावलंत. म्हाताऱ्याने सगळं आधीच लिहिलंय. उलट मला एक सुटलं होतं, ते त्याच्यामुळे सापडलं." हा माणूस मार्लीनच्या ओळखीचा तर नसेल, अशी शंका व्हर्नाच्या मनात आली. तिने चौकशी केली, नव्हता. मग तिने समोरच्या घराची घंटा वाजवली. तिथल्या बाईने तिला आपादमस्तक न्याहाळले. "आयनार का? त्याने माझा पाचोळा ओढायचा दाताळा नेला होता. परत आणला तेव्हा त्याला नवा दांडा होता. मी म्हटलं, जुना कुठे? म्हणे, मोडला माझ्या हातून. मला तर कळलंही नसतं."

"मग घर का विकतोय?"

"गुडघे. आणि लेक राहते तिकडे दूर फार्गोला. तुम्ही कोण? पोलिस का?"

त्या रात्री व्हर्नाला झोप लागली नाही. दोष सापडला असता तर ती स्वस्थ झोपली असती. गुरुवारी मार्लीनने सांगितले की एक जोडपे शनिवारी घर पाहायला येणार आहे, आणि ते उतावीळ आहे. ऑक्टोबरची चार तारीख उजाडली होती. व्हर्नाने ओठ घट्ट मिटून मागणीपत्र लिहिले आणि पूर्ण किंमत देऊ केली. नियमाप्रमाणे खाली एक ओळ घालावी लागली: घेणारी व्यक्ती स्वतः घरांच्या व्यवहारातील परवानाधारक एजंट आहे.

ती ओळच आड आली. ट्वेट यांनी सही केली नाही. गेल्याच वर्षी त्यांच्या शेजारचे घर एका एजंटाने "राहायला" म्हणून घेतले होते, आणि वसंतात ते शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने देऊन टाकले होते. शुक्रवारी सकाळी त्यांनी व्हर्नाला बोलावणे धाडले. स्वयंपाकघरातल्या मेजापाशी तिघे बसले. ट्वेट यांनी कॉफी ओतली आणि कपाचे कान तिघांकडे नीट वळवून ठेवले.

"मिस हिएटाला, तुम्ही माझ्या तळघरात तीनदा उतरलात. काय सापडलं?"

"काहीच नाही."

"मग चेहरा असा का?"

"काही सापडत नाही तेव्हाच मला काळजी वाटते."

"मलाही," ट्वेट म्हणाले. "म्हणून मी तुमची चौकशी केली. चारशे बारा घरं विकलीत, स्वतः एकही घेतलं नाहीत. आता एकदम माझंच घेता, तेही पूर्ण किमतीला, घासाघीस न करता. का? घराबद्दल तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे जे मला नाही, किंवा तुमच्याबद्दल काहीतरी आहे जे तुम्ही सांगत नाही."

मार्लीन खोकली. "आयनार, घेणाऱ्याला असं काही विचारता येत नाही. नियम आहेत."

"मी तिचा धर्म विचारला? जात-वंश विचारला? मी गळती विचारतोय." त्यांनी मेजाच्या खणातून नऊ पानांचा एक कोरा कागद काढला आणि व्हर्नापुढे सरकवला. "हा तुमच्याच कचेरीतला आहे. भरा. घराऐवजी स्वतःबद्दल."

"हा काय पोरखेळ!" मार्लीन म्हणाली.

व्हर्ना मात्र हसली नाही. तिने पेन उचलले. पहिला प्रश्न होता: पूर्वी काही पडझड झाली होती काय? तिचा हात सवयीने तिसऱ्या रकान्याकडे गेला.

"तो नको," ट्वेट म्हणाले. "जहाजाच्या नोंदवहीत तो रकाना नसतो. माहीत नसलं तर खाली उतरून बघायचं."

व्हर्नाने पेन मागे घेतले. बराच वेळ ती खिडकीबाहेरच्या सफरचंदाकडे पाहत राहिली; झाडाखाली पडलेली फळे कुणी वेचली नव्हती. मग तिने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले:

"वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी नवऱ्यासह वेस्ट एंड भागात घर घेतले. विकणारा चर्चमधला, सर्वांच्या आदराचा. भिंती मजबूत आहेत असे त्याने छातीवर हात ठेवून सांगितले. पहिल्याच वसंतात तळघराची पश्चिमेची भिंत आत आली. कपाटामागे तिला आधीपासून टेकू दिलेला होता, म्हणजे त्याला ठाऊक होते. नवऱ्याने विचारले, तू तळघरात का उतरली नव्हतीस? घर गेले, पुढे नवराही. नंतर मी परवाना काढला. चूक माझी."

ट्वेट यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. मग त्यांनी कागद तिच्याकडे परत सरकवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

"हे खोडा."

"का?"

"नोंद खोटी आहे. चूक त्याची होती. जे झालं ते लिहायचं, वाटतं ते नाही."

व्हर्नाने त्यांच्याकडे पाहिले. मार्लीन कॉफीत साखर ढवळत राहिली, साखर घातलेली नसताना. अखेर व्हर्नाने त्या दोन शब्दांवर एक सरळ रेघ ओढली, आणि बत्तीस वर्षांचा तो दोष पुसायला एवढीच शाई लागते याचे तिला नवल वाटले.

"आता दुसरं," ट्वेट म्हणाले. "माझं घर वसंतात विकणार किंवा पाहुण्यांना देणार का?"

"नाही."

"नक्की?"

तिने पेन मेजावर ठेवले. "आज माझा विचार नाही. पाच वर्षांनी माझे गुडघे काय म्हणतील ते मला कसं सांगता येईल?"

"हं." ट्वेट उठले, त्यांनी तिचा कप उचलून विसळायला नेला. "उद्या ते जोडपं येतंय. त्यांना पाहतो. रविवारी सांगतो."

"म्हणजे अजून भरवसा नाहीच?"

"तुमचा माझ्यावर आहे?"

व्हर्नाने खोटे बोलायचे टाळले आणि कोट चढवला.

शनिवारी ती दिवसभर खोल्यांतच बसून होती. खोकी आणली होती, ती उघडलीही नव्हती. चौदा पानांमागे पंधरावे असलेच तर ते कशाबद्दल असेल, हे ती पुन्हा पुन्हा मनात घोळवून पाहत होती. आणि ते घर दुसऱ्याला गेले तर आपल्याला सुटल्यासारखे वाटेल की गमावल्यासारखे, याचा तिला काही केल्या निवाडा करता येईना. संध्याकाळपर्यंत तिच्या ध्यानात आले की ती मनातल्या मनात त्या घरातल्या खुर्च्या मांडत होती.

रविवारी, चर्च सुटायच्या वेळेला, फोन वाजला.

"ट्वेट बोलतोय. ते जोडपं आलं होतं. चांगली माणसं. सगळं सुंदर आहे म्हणाली."

"अस्सं," व्हर्ना म्हणाली, आणि खुर्चीच्या पाठीला तिने हात टेकला.

"टीव्ही कुठे लावायचा, एवढंच विचारलं. तळघरात उतरली नाहीत. माझी चौदा पानं मेजावरच पडून होती. त्यातला तरुण म्हणाला, आमचा तुमच्यावर विश्वास आहे." ट्वेट यांच्या आवाजात तिटकारा होता. "ओळख ना पाळख, आणि विश्वास! अशा माणसांच्या हाती घर दिलं तर दोन हिवाळ्यांत पन्हळ तुंबेल. तुमच्या कागदावर सही केली आहे."

"किंमत तीच?" व्हर्नाने विचारले, कारण दुसरे काही सुचेना.

"तीच. पण एक सांगून ठेवतो. नोव्हेंबरात मी लेकीकडून येईन तेव्हा त्या रस्त्याने जाणार आहे. आत तुम्हीच राहता की शनिवारचे पाहुणे, ते बघणार आहे."

"या. पण आधी फोन करा. अनोळखी माणसाला मी दार उघडत नाही."

"अगदी बरोबर," ट्वेट म्हणाले. "मीही उघडलं नसतं."