पानं झडली की ड्रोन उडतो

जंगलात ड्रोन उडवणाऱ्यांकडे फोटोंपेक्षा किस्सेच जास्त जमतात. फोटो ठेवायला निदान हार्ड डिस्क तरी असते. किस्से मात्र चहाच्या टपरीवर कोणी "मग, काय म्हणतो ड्रोन?" एवढं विचारलं की आपोआप बाहेर पडतात. त्यात आमचा प्रफुल्ल सोबत असला, तर एकाचे तीन होतात!

प्रफुल्ल म्हणजे आमचा ड्रोन पायलट, वडनेर भोलजीचा. मी सर्व्हेअर, त्याची मॅडम. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावाला वनतळं हवं होतं. ते नेमकं कुठं खोदायचं, हे आमच्या मॉडेलवरून ठरणार होतं. मॉडेल म्हणजे हजारो फोटो एकमेकांना जोडून कॉम्प्युटरमध्ये उभा केलेला आख्खा डोंगर. गावात आधीचं एक तळं होतंच, अंदाजाने खोदलेलं. त्यात पाणी काही थांबलं नाही. पोरं आता तिथं क्रिकेट खेळतात. आपल्या मॉडेलमुळे असा दुसरा खड्डा झाला तर त्या गावात तोंड दाखवायची सोय नाही, ही माझी धास्ती! सागाची पानं झडली की मगच वरून जमीन दिसते, म्हणून काम भर उन्हाळ्यात. पिण्याचं पाणीसुद्धा गरमच.

*

पहिल्याच दिवशी ड्रोनची पेटी उघडली आणि अर्धं गाव गोळा झालं. आमच्या भागात लोकांनी ड्रोन पाहिलाय तो लग्नात. एका आजीबाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं,

"नवरदेव कुठी हाय वं?"

सुखदेवकाका आमचे वाटाडे. सगळी हयात या डोंगरात गुरं राखण्यात गेलेली. तेही पांढरा सदरा घालून, केस चापून आले. दिवसभर प्रत्येक फेरीला मान वर करून उभे! संध्याकाळी म्हणाले, फोटो दाखवा. शंभर मीटरवरून काढलेला फोटो तो. प्रफुल्लने मोठा करून करून दाखवला, तर काकांच्या जागी एक पांढरा ठिपका.

काकांनी एकदा ठिपक्याकडे, एकदा सदऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तं मंग मी सदऱ्याले इस्तरी काऊन केली बे?"

*

फोटो जमिनीला नीट टाचायचे तर जमिनीवर खुणा लागतात. चुन्याची मोठी फुली मारायची, मधोमध खिळा ठोकायचा आणि त्या खिळ्याची जागा जीपीएसने मोजून ठेवायची. जंगलातल्या खुणा खडकांवर केल्या. एक खूण गावात, सुखदेवकाकांच्याच अंगणासमोर होती.

दुसऱ्या दिवशी ड्रोनचे फोटो उघडले. फुली गायब! तिथं ही भली मोठी ठिपक्यांची रांगोळी!

धावत गेले. काकांच्या मंडळी, कमलाकाकू, दारातच वाल सोलत बसल्या होत्या.

"काकू, माझी फुली?"

"ते तुमची फुली होती काय? मले वाटलं, कोणाच्या हातून चुना सांडला! वाकडी होती माय. मी नीट करून देली."

"आणि खिळा?"

"हाय ना. मधातला ठिपका त्याच्यावरच तं धरला!"

सगळ्या खुणांची गणितं लावून पाहिली. मी मारलेल्या फुल्यांमध्ये थोडाफार फरक निघाला. सगळ्यांत अचूक खूण कोणाची? काकूंची! तेव्हापासून प्रफुल्ल दर वेळी फुली मारून झाली की मला विचारतो, "मॅडम, काकूले बलावू काय?"

*

चौथ्या दिवशी एका घारीने ड्रोनवर झडप घातली. प्रफुल्लचा चेहरा पांढराफटक! त्याने कसाबसा ड्रोन खाली घेतला, मग आकाशाकडे बघून वऱ्हाडीत जे काही बोलला ते इथं लिहिता येत नाही.

सुखदेवकाका शांतपणे तंबाखू मळत होते. "तिचं घर हाय ते. तू तिले इचारून आल्ता काय?"

प्रफुल्लने ड्रोनची वाट बदलली. घारीने परत तोंड दाखवलं नाही.

*

पहिलं मॉडेल तयार झालं आणि आमच्या सरांनी ते पुण्यात बसून पाहिलं. व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "नाल्याच्या मधोमध एक टेकडी दिसतेय. इथे तळं अशक्य!"

मी गार. नाल्यात टेकडी कशी? काका माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावले.

"साहेब, त्या टेकडीचे उंबर खाल्ले हाय मी."

साग उघडा पडतो, पण नाल्यातले उंबर, जांभूळ, करंज उन्हाळ्यातही हिरवेगार. ड्रोनने झाडांचा शेंडा पाहिला आणि बिचाऱ्या कॉम्प्युटरने त्यालाच जमीन धरलं. मग काय, मी आणि काका तीन दिवस झाडाखालून काठी धरून एकेक उंची मोजत फिरलो. मला करवंदीचे काटे लागले आणि काकांना जोर चढला!

*

शेवटी सर स्वतः आले. तळ्याची जागा पक्की करायला सगळं गाव देवळापुढे जमलं.

गावात नाले दोन, खडकीचा आणि बोरीचा. डोंगराचं मोठं पाणी कुठल्या नाल्यात उतरतं, यावर सुखदेवकाका आणि कमलाकाकूंचं लग्न झाल्यापासून भांडण. काका म्हणत खडकीत. तो क्रिकेटचा खड्डा त्यांच्याच शब्दावर खडकीकडे खोदलेला! काकू म्हणत बोरीत.

"भादव्यात काड्या आणाले वर गेल्ती," काकू सरांना सांगायला लागल्या. "चप्पल वाहून गेली. सापडली कुठी? बोरीत!"

"चप्पल हाय ते," काका म्हणाले. "तिले काय समजते पाण्यातलं?"

सर हसू दाबत म्हणाले, "रिपोर्टमध्ये चपलेचा पुरावा चालत नाही, काकू."

मग मी कॉम्प्युटरमधल्या डोंगरावर पाणी सोडलं. माथ्यावरून निळी रेघ निघाली. रेघ खडकीकडे वळली. काकांचा हात मिशीवर गेला. खिंडीपाशी रेघ जरा थांबल्यासारखी झाली, झपकन फिरली आणि सरळ बोरीच्या नाल्यात उतरली!

टाळ्या, शिट्ट्या, हशा! सर म्हणाले, "ठरलं. तळं बोरीवर." इतके दिवस मानगुटीवर बसलेली धास्ती उतरली आणि मला चक्क रडू आलं. आता सगळं गाव सुखदेवकाकांकडे बघत होतं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. स्क्रीनजवळ जाऊन ती रेघ वरून खालपर्यंत बोटाने चाचपली. मग प्रफुल्लकडे वळून म्हणाले,

"एकडाव अजून उडव बे."

"उडव बाप्पा, उडव!" गर्दीतून कमलाकाकूंचा आवाज आला. "तोवर मी ह्यायले तळ्याचा नारळ आणाले धाडतो!"