टेबल आणि बोलावणं

नोकरी लागली तेव्हा मी मनाशी एकच गोष्ट ठरवली होती. मायला एकदा तरी पहिल्या पंगतीला बसवायचं.

कुरुंद्याला आमच्या घरी लग्न असो की बारसं, माय चुलीपुढं. आधी पुरुषांची पंगत, मग लेकरांची, मग पाहुण्या बायकांची, मग वाढणारे. माय त्यांच्याही मागून. तोवर भात गार झालेला आणि वरण पातेल्याच्या तळाला गेलेलं. तिला त्याचं काही वाटत नसे. मला मात्र फार वाटायचं. मी लहानपणापासून जरा तिरसटच.

दोन हजार सालाच्या आगेमागे वसमतला, जिथं मी शिक्षिका होते, एसी हॉलवालं एक हॉटेल निघालं. मंद पिवळे दिवे, ग्लासात खोचलेले कापडी रुमाल, आणि तंदूरमधून निघालेली रोटी थेट ताटात. तिथं घरचे सगळे एकदम बसतात, कुणी कुणाच्या मागं राहत नाही, असं शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं आणि माझं ठरलं.

पण तिथं जागा मिळता मिळत नव्हती. पहिल्यांदा नुसतीच गेले, तर मॅनेजरनं दारातच विचारलं, फोन केला होता का? जेवायला फोन कशाला, म्हटलं, तर तो हसला. मग मी एसटीडी बूथचे उंबरे झिजवू लागले. फोन लागायचाच नाही, आणि लागला तर हॉल फुल्ल. हळदीचा बाजार जोरात असला की व्यापारी सहकुटुंब यायचे. त्यांना फोनबिन काही लागत नसे, मॅनेजर शेठ शेठ करत त्यांना आत न्यायचा. एकदा फोनवर जागा नाही असं ऐकून मी हॉटेलावरून खोलीवर परत निघाले, तर काचेतून दोन टेबलं रिकामी दिसली. डोकंच फिरलं माझं. आमच्याकडं घोर असतो तो जेवू घालणाऱ्याला, पाहुणा येतो की नाही याचा. इथं जेवणाऱ्यानंच हातापाया पडायचं.

अखेर एका शनिवारी संध्याकाळचं टेबल मिळालं. मी कुरुंद्याला निरोप धाडला. त्या दिवशी माझं हिंगोलीला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. म्हणून माय आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुपारच्या एसटीनं माझ्या खोलीवर यायचं, घरमालकिणीकडून किल्ली घ्यायची आणि सातला हॉटेलात पोचायचं असं ठरलं. हॉटेल गल्लीच्या तोंडाशीच होतं. मी परस्पर तिथं जाणार होते.

मी वेळेवर पोचले. टेबल मांडलेलं होतं. दोघं मात्र आले नव्हते. गाडी चुकली असेल म्हणून मी वाट बघत बसले. खोलीवर जाऊन बघावं, तर तेवढ्यात टेबल जायचं. मॅनेजर एकदा आला, पुन्हा आला. दारात एक मोठं कुटुंब ताटकळत होतं आणि त्यांची नजर माझ्या रिकाम्या खुर्च्यांवर. शेवटी तो म्हणाला की आता उठा. मी खूप भांडले, पण काही उपयोग झाला नाही. मला उठवून त्यानं त्यांना बसवलं.

खोलीवर आले तर दोघं खाटेवर बसलेले. अण्णांचं धोतर परीटघडीचं, मायच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं. दिवेलागणीपासून तयार होऊन दोघं दाराकडं बघत बसले होते.

"काहून आला न्हाईत?" माझा आवाज चढलाच.

अण्णा शांतपणे म्हणाले, "आवतन देलं व्हतं तू. पण बोलवायला कोणी आलंच न्हाई. तसंच उठून कसं जावं?"

आमच्या गावात जेवणाचं आवतन सकाळी येतं. मग ऐन वेळेला यजमानाघरचं कुणी तरी पुन्हा दारात येतं आणि चला, पानं वाढलीत, म्हणतं. त्या बोलावण्याशिवाय निघायचं म्हणजे हपापल्यासारखं दिसतं. अण्णा उपाशी राहिले असते, पण बोलावल्याशिवाय कुणाच्या पंगतीला गेले नसते. हॉटेलातला माणूस वेळेला बोलवायला येईल, असं दोघं धरूनच चालले होते.

माय उठली, तिनं स्टोव्ह पेटवला, पिठलं-भाकरी केली. आधी आम्हा दोघांना वाढलं, मग स्वतः बसली. ठेवणीतलं लुगडं नेसून ती पुन्हा शेवटीच जेवली. मला रडू आलं आणि मी ते पिठल्याच्या तिखटावर ढकललं.

पुढं कितीतरी दिवस शाळेत जाता-येता माझं डोकं तिथंच घुटमळत होतं. मॅनेजरवर राग होता, अण्णांवरही होता. पण अण्णांचं चुकलं असं काही मला म्हणवेना. फोनवर जागा मिळाली होती, पण या म्हणून कुणी म्हटलंच नव्हतं. ते म्हणणं माझं काम होतं, कारण जेवण माझं होतं.

पुढच्या महिन्यात फोन करकरून पुन्हा टेबल मिळवलं. या वेळी दोघांना खोलीवर बसवून मी आधी हॉटेलात गेले, टेबल मांडलेलं बघितलं, मॅनेजरला बजावलं आणि गल्लीतून परत आले. उंबऱ्याबाहेर उभी राहिले, पदर सारखा केला आणि म्हणाले, "चला माय, चला अण्णा. पानं वाढलीत."

अण्णा टोपी सारखी करत लगेच उठले. मायनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि चपला पायात सरकवल्या.

हॉटेलात वेटरनं पहिली रोटी मायच्या ताटात वाढली. वाफ निघत होती. तिनं हात लावला नाही. दाराकडं बघितलं, आतल्या स्वयंपाकघराकडं बघितलं आणि हळूच मला विचारलं, "मागं कोण ऱ्हायलंय जेवायचं?"

"कोणीच न्हाई माय," मी म्हणाले.

मग तिनं घास मोडला.