मारबतीच्या परतीचा रस्ता

मी पाटबंधारे खात्यात कंत्राटावर तलावाची पातळी मोजतो. रोज सकाळी सहाला सांडव्याजवळच्या पट्टीवरचा आकडा पाहायचा, वहीत लिहायचा, फोनवरून कळवायचा. करार अकरा महिन्यांचा. तो संपला की नवा अर्ज, आणि अर्जासोबत पोलीस ठाण्याचं चारित्र्य प्रमाणपत्र. त्यावर ‘गुन्हा दाखल नाही’ हे तीन शब्द नसतील तर त्या पट्टीपाशी दुसरा माणूस उभा राहील. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या सकाळी मी जे केलं ते या तीन शब्दांपायी केलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डातून मारबत निघते. बांबूच्या कमच्या, भाताचं तणस आणि जुनं लुगडं यांची केलेली बाई. पोळ्याला दारोदार पळसाच्या फांद्या लावतात, त्यांना आम्ही मेढे म्हणतो. सकाळी ते काढून मारबतीच्या अंगात खोचायचे आणि घरातलं दुखणंखुपणं तिच्यासोबत शिवेबाहेर नेऊन जाळायचं. शिवेवर प्रत्येक घराने आपापलं दुखणं ओरडून सांगायचं आणि सगळ्यांनी ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणायचं. पथ्य एकच. गल्लीबाहेर पडलेल्या मारबतीचं तोंड पुन्हा गावाकडे फिरवायचं नाही, आणि ती जळाल्यावर तिच्या वाटेने घरी यायचं नाही. लोक भाताच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, मागे न पाहता, लांबून फिरून येतात.

वॉर्डात अठ्ठावन्न घरं. मारबत करणारी एकच, मोठी माय. नात्याने ती माझी कोणी नाही, पण सगळा वॉर्ड तिला मोठी मायच म्हणतो.

पूर्वी यासाठी कुणाला विचारावं लागत नसे. मग दुसऱ्या एका वॉर्डाच्या मिरवणुकीत डीजे वाजला, त्यात एसटी तासभर अडकली, आणि तेव्हापासून रस्त्यावरून जे काही निघेल त्याला लेखी परवानगी लागते. नगर परिषदेचं ना-हरकत पत्र, ठाण्याचा परवाना, अर्जदाराचं हमीपत्र. मिरवणुकीत काही वावगं झालं तर गुन्हा अर्जदारावर. वॉर्डाच्या बैठकीत अर्जदार कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळे माझ्याकडे पाहू लागले.

“भाऊचं अक्षर चांगलं आहे,” एक शेजारी म्हणाला.

“आन भाऊ रस्त्यानं पावलं मोजत जाते,” दुसरा म्हणाला. सगळे हसले.

ते खरं होतं. मारुतीच्या देवळापासून रेल्वे फाटकापर्यंत नऊशे चाळीस पावलं, फाटकापासून शिवेच्या नाल्यापर्यंत चारशे दहा. नाही म्हणता आलं असतं, पण मी म्हटलं नाही. घरी बायको म्हणाली, “काऊन हो म्हटलं? तुमचं सर्टिफिकेट त्याच ठाण्यातून येते नं?” मी म्हणालो, नियमाने केलं तर काही होत नाही. मला तेव्हा तसंच वाटत होतं.

अर्जात तेरा रकाने होते. तेरावा, ‘परतीचा मार्ग व वेळ’. मी लिहिलं, ‘परत येत नाही’. ठाण्यात परवानगीचं काम पाहणारे हवालदार अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलतात. त्यांनी तेराव्या रकान्यावर पेन ठेवलं.

“काकाजी, ये क्या लिखा?”

“मारबत परत येत नाही साहेब. तिला जाळतात.”

“जाळा नं. गणपती भी बुडते. पन ठेला तो वापस येते का नाही? लोक कुठून येतात?”

“धुऱ्यावरून. एकेक करून.”

“मग धुऱ्यावर बंदोबस्त लावू का मी? भाताच्या बांधीत शिपाई उभे करू?” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “खाना खाली नाही चालत. आन ‘नाही’ बी नाही चालत. रस्ता लिवा, टाइम लिवा.”

मागे चार माणसं उभी होती. मी ‘परत येत नाही’वर एक रेघ मारली, बाजूला सही केली आणि लिहिलं, ‘आलेल्याच मार्गाने, सकाळी दहापर्यंत’. आयुष्यात मी पट्टीवरचा आकडा अर्ध्या सेंटिमीटरनेही खोटा लिहिलेला नाही. हे मात्र लिहिलं.

परवाना हाती आला. एका बाजूला छापील, मागची बाजू कोरी. संध्याकाळी मोठ्या मायने मला अंगणात बसवून घेतलं. ती मारबतीला डोकं लावत होती. “काय काय लिवलास, वाच,” म्हणाली. तिला वाचता येत नाही. मी बारा रकाने वाचले. तेरावा वाचला नाही. तिने विचारलं, “झालं?” मी म्हणालो, “झालं.”

सकाळी मी सहाची पातळी घेऊन आलो. परवाना आठ ते दहा. आठ वीसला निघालो, कारण दोन घरचे मेढे यायचे राहिले होते. ठेल्यावर मारबत, ढकलायला दोघं, पुढे मोठी माय, मागे वॉर्ड. शंभराची परवानगी होती, मी शहाऐंशी मोजले. डीजे नाही, फक्त डफडं. एक बाई ओरडली, “अर्ज-बिर्ज घेऊन जा गे मारबत!” आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मीही हसलो.

आठ पंचावन्नला फाटकाशी आलो. फाटक बंद होतं. फाटकासाठी मी वीस मिनिटं आधीच धरली होती. मालगाडी आली, हळू झाली आणि थांबली. नेमकी रस्त्यावर. डबे मोजायचा प्रयत्न केला, दोन्ही टोकं दिसेनात. दोन्ही बाजूंना दुकानांच्या पायऱ्या, त्यांच्यापुढे उघडी नाली. मागे एक एसटी, तीन टेम्पो आणि भाजीच्या गाड्या येऊन चिकटल्या. पुढे लोखंड, मागे हॉर्न. मी घड्याळ पाहत होतो. नऊ दहा. नऊ वीस. डफडं थांबलं.

नऊ तीसला हवालदार आले. बंदोबस्तात तेच होते.

“काकाजी, दहाला दुसऱ्या वॉर्डाची मिरवणूक याच रोडनं निघते. देवळापर्यंत जायला वीस मिनिट लागतात नं तुम्हाला? चला, फिरवा.”

“मारबत फिरवता येत नाही साहेब.”

“मी उभी ठेवू शकत नाही. दहाच्या नंतर विनापरवाना होते. मग मला लिहावं लागते, आन नाव तुमचं आहे.” आवाजात राग नव्हता. त्यांच्यामागेही एसटीचा ड्रायव्हर ओरडत होता. त्यांनी माझ्या हातातला परवाना घेतला आणि मोठ्याने वाचला, “परतीचा मार्ग, आलेल्याच मार्गाने. तुम्हीच लिवलं नं? मी लिवलं का?”

मोठ्या मायने माझ्याकडे पाहिलं.

“तू लिवलास?”

“हो.”

“आन मले वाचून नाई दाखवलास.”

“नाही.”

“फिरवून दाखव,” ती हवालदारांना नाही, मला म्हणाली आणि ठेल्याच्या पुढे मांडी घालून रस्त्यावर बसली.

मारबत फिरवली तर अठ्ठावन्न घरांचं दुखणं मी परत आणलं असं होणार होतं. नाही फिरवली तर तीन शब्द जाणार होते. मी परवाना परत घेतला आणि त्यात काही आधार सापडतो का ते पाहू लागलो. अटी बावीस होत्या. तिसरी अट, पाच किंवा अधिक व्यक्ती एकत्र चालत असल्यास ती मिरवणूक समजण्यात येईल.

“साहेब, चार माणसं म्हणजे मिरवणूक नाही नं?”

त्यांनी अट वाचली. दोनदा वाचली. “चार? कोण चार?”

“ठेला ढकलणारे दोघं, मोठी माय आणि मी. बाकी ब्याऐंशी जण लिहिल्याप्रमाणे आलेल्या मार्गाने परत जातील. दहाच्या आत.”

“जाताना दिसले पाहिजेत,” ते म्हणाले.

लोक ऐकेनात. शिवेवर जाऊन ओरडलंच नाही तर दुखणं जाईल कसं? “भाऊ, पंगतीत बसवून अर्ध्यातून उठवून राहिला तू आम्हाले,” ढोलासारख्या आवाजाचा शेजारी म्हणाला. तेव्हा मोठी मायच बोलली. रस्त्यावर बसल्या बसल्या म्हणाली, “याले सांगा. हा लिवते. तिथं हा वाचल, मी वराडीन.” मग माझ्याकडे न पाहता, “सगळं वाचजो. एक बी नोको सोडू.”

माझी वही तलावावर राहिली होती. खिशात दुसरा कागद नव्हता. मी परवाना उलटा केला आणि ठेल्याच्या कडेवर ठेवून लिहू लागलो. एका घराला एक ओळ. गुडघे. शुगर. सुनेची कंबर. दोन वर्षांचा खोकला. नवऱ्याची दारू. डेंगू, डेंगू, डेंगू. एका बाईने कानात सांगितलं आणि म्हणाली, “हे हळू वाचजा.” सांगून झालं की माणूस वळायचा आणि चालू लागायचा. सात घरांचं कुणी आलेलं नव्हतं, त्यांचं मोठ्या मायने सांगितलं, तिला ठाऊक होतं. अठ्ठावन्न ओळी झाल्या.

“मेरा भी लिखो,” हवालदार म्हणाले. “पित्त. रात्रीची ड्युटी असली का छाती जळते.” ती एकोणसाठावी ओळ.

नऊ सत्तावन्नला गाडी हलली. फाटक उघडलं तेव्हा वॉर्डातले आम्ही चौघंच उरलो होतो.

नाल्याकाठी ठेल्यावरून मारबत उतरवली, तोंड बाहेरच्या बाजूला. मी वाचायला लागलो. एक ओळ मी वाचायची, मोठ्या मायने ओरडायचं, ‘घेऊन जा गे मारबत’. तिचा आवाज एकटीचा होता, ब्याऐंशी जणांचा नाही. मी एकही ओळ सोडली नाही. कानात सांगितलेली हळू वाचली. हवालदारांची शेवटी वाचली. ढकलणाऱ्यातल्या एकाने काडी लावली. तणस कोरडं होतं, लगेच पेटलं.

मोठ्या मायने हात पुढे केला. “कागद दे.”

“मोठी माय, हा ठाण्यात परत द्यायचा आहे. अकराच्या आत. सहीशिक्क्याचा मूळ परवाना आहे. नाही दिला तर तशी नोंद होते.”

“तिच्यापुढं वाचलेलं तिच्यासंगं जाते. इथंच जाळावं लागते.”

“दुसऱ्या कागदावर लिहून तो जाळतो.”

“तिनं हा आयकला.”

मी परवाना हातात धरून उभा राहिलो. जाळ अजून चांगला होता, हात पोचेल एवढ्या अंतरावर. पुढच्या बाजूला माझं नाव, मागच्या बाजूला सगळा वॉर्ड. मी तो चार घड्या करून खिशात ठेवला.

मोठी माय थोडा वेळ माझ्या खिशाकडे पाहत होती. “तुले नोकरी पायजे,” ती म्हणाली. तो टोमणा नव्हता, प्रश्नही नव्हता. मग ती आणि ते दोघं धुऱ्यावर चढले आणि मागे न पाहता भातातून निघून गेले. ठेला तिथेच राहिला, तो दुपारी आणायचा असतो.

ठाणं धुऱ्याच्या बाजूला नाही. मी मारबतीच्याच वाटेने परत आलो. चारशे दहा आणि नऊशे चाळीस. गल्लीत नळावरच्या एका बाईने मला पाहून आपली बादली बाजूला घेतली. ठाण्यात हवालदारांनी परवाना घेतला, तो न उलटता दोन भोकं पाडली, फाइलीत लावला आणि वेळ लिहिली, दहा पन्नास. घरी बायकोने उंबऱ्याबाहेरच माझ्या पायांवर पाणी ओतलं. “देला का कागद?” “दिला.”

नवव्या दिवशी प्रमाणपत्र आलं. तीन शब्द होते. त्या पावसाळ्यात वॉर्डात अकरा घरी ताप आला. आदल्या वर्षी नऊ घरी आला होता. दोन घरांच्या फरकावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तरी मी मोजली.

पुढच्या वर्षी अर्जदार म्हणून मीच. ठाण्याचा नियम असा की आधीच्या वर्षी तक्रार नसलेला अर्जदार बदलायचा नाही. मी कोरा अर्ज घेऊन मोठ्या मायच्या अंगणात गेलो आणि तेराच्या तेरा रकाने वाचले. तेराव्याला ती कमच्या बांधायची थांबली.

“तो रिकामा नाई ठेवू देत?”

“नाही.”

“मंग तुह्या नावानं लिव. मारबत येत नाई. तू येतेस.”

मी तिच्यासमोरच लिहिलं, ‘मारबत परत येत नाही. अर्जदार एकटा आलेल्याच मार्गाने परत येईल, सकाळी अकरापर्यंत.’ आणि तिला वाचून दाखवलं. तिने मान हलवली.

हवालदारांनी तेराव्या रकान्यावर पेन ठेवलं, वाचलं, माझ्याकडे पाहिलं. मग रस्ता आहे, टाइम आहे, असं म्हणून शिक्का मारला. दरवर्षी आता तेच लिहितो. लोक धुऱ्यावर चढतात आणि मी वळतो. परवान्याची मागची बाजू कोरी ठेवतो. वही सोबत नेतो, तिचं पान फाडून जाळता येतं.