वहिनींची सही

वहिनी एकाच वेळी चार माणसं असायच्या. इंग्लंडात मिल्टन कीन्सच्या आमच्या ऑफिसात, टाइल्सच्या शोरूमच्या वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या लांब टेबलावर त्यांचे चार लॅपटॉप मांडलेले असत. पहिल्यावर त्या डुलक्या काढणारे मामेसासरे, दुसऱ्यावर सदा घाईतली नणंद, तिसऱ्यावर हरला की रुसणारा दीर आणि चौथ्यावर काही न कळता जिंकणारी धाकटी जाऊ. या चौघांचा पोकर दिवसभर रंगायचा. ऑफिसच्या चाकांच्या खुर्चीवरून वहिनी इकडून तिकडे सरकत राहायच्या. मामेसासऱ्यांची पाळी आली की त्या खरंच हाताची घडी घालून, घड्याळ संपेपर्यंत गप्प बसायच्या. नणंदबाई एकच बटण सहा वेळा दाबायच्या. दीर डाव अर्धा टाकून लॅपटॉपच बंद करायचा. पगार घेऊन असं करणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

आम्ही ऑनलाइन पोकरची साइट बनवत होतो. मालक गॅरेथ, कार्डिफकडचा, उंच, लालबुंद, आणि आम्ही पाचजण पुण्यामुंबईचे, वर्क व्हिसावरचे डेव्हलपर. वहिनी नागपूरच्या, आमच्या एकुलत्या एक टेस्टर. त्यांचे यजमान मिलिंददादा इथं हॉस्पिटलात फिजिओ आणि आमच्या रविवारच्या क्रिकेटचे कॅप्टन, म्हणून त्या वहिनी. गॅरेथला ते त्यांचं नावच वाटलं, आणि त्यानं ईमेल आयडीसुद्धा तोच काढून दिला. वहिनींनी दुरुस्त केला नाही. "राहू दे ना बाप्पा, माझं खरं नाव त्याच्या तोंडात बसणार नाही," म्हणाल्या. पोकर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. बदाम सात आणि मेंढीकोट एवढीच पुंजी. दोन दिवसांत नियम शिकल्या आणि निकाल दिला, "हा तर आपल्या तीनपत्तीचा विलायतेत शिकून आलेला भाऊ."

बग हा शब्द त्या वापरत नसत. "सापडली खोड," म्हणायच्या, आणि लांबट वहीत त्या खोडीला एका नातेवाइकाचं नाव द्यायच्या. लॉगआउट केलेला खेळाडू टेबलावरून हलेना, तर नोंद झाली: 'आत्याबाई. निघते निघते म्हणतात आणि दारातच उभ्या.' खेळाडूंचा आकडा मधूनच उणे एक दाखवायचा, त्याचं नाव 'रुसून लग्नाला न आलेले काका'. गॅरेथ सकाळच्या मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, आत्याबाई फिक्स झाल्या का? आणि आमच्यातला कोणीतरी तितक्याच गंभीरपणे सांगायचा, नाही, काका आधी घेतलेत.

त्यांची आणखी एक पद्धत होती. साइटवर जिथं मजकूर लिहायचा राहिलाय तिथं इतर कंपन्यांतले टेस्टर काहीतरी इंग्रजी ठेवून देतात. वहिनी मराठी टाकायच्या. "इंग्रजी दिसलं की डोळा पुढं सरकतो. मराठी दिसलं की कळते, इथलं काम बाकी आहे." म्हणून पत्ते वाटले जाईपर्यंत स्क्रीनवर यायचं, 'थांबा, पिसून राहिलो.' विचार करायची वेळ संपत आली की, 'लवकर सांगा, दूध उतू जाऊन राहिलं.' डाव सोडला की, 'बरं केलं.' आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की ते आम्हाला दिसेनासंच झालं होतं.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय वहिनी कळायच्या नाहीत. ज्यांचा पैसा गुंतला होता त्यांनी गॅरेथला शेवटचा शनिवार दिला होता. दुपारी बारा वाजता साइट सुरू, नाहीतर कंपनीला कुलूप. कुलूप लागलं तर माझा व्हिसा गेला. साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधा, नाहीतर बॅगा भरा. इथं कायमचं राहायची परवानगी मिळायला मला जेमतेम दीड वर्ष उरलं होतं. मुलगी नुकतीच शाळेच्या पहिल्या, रिसेप्शन वर्गात जायला लागली होती आणि घरी आल्यावर "मी आज पेंट केला, खूप मज्जा आला" असलं मराठी बोलून आम्हाला हसवत होती. त्या शनिवारवर माझा सगळा संसार टांगलेला होता, आणि तरी खरं सांगतो, इतका आनंदात मी क्वचितच असेन. दोन वर्षं घासलेली गोष्ट जगासमोर ठेवायची होती! आदल्या दिवशी राउंडअबाउटला मी घराचा फाटा चुकवून दोन फेऱ्या जास्त मारल्या.

शनिवारी सकाळी ऑफिसात लग्नघर होतं. गॅरेथ टाय लावून आला होता. मिलिंददादा सामोशांचा डबा ठेवून ड्यूटीला गेले. साइट अर्धीकच्ची होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गप्पांच्या चौकटीवर 'लवकरच येत आहे'ची पाटी, विजेत्यांच्या यादीत प्रत्येकजण पहिला, आणि जुन्या फोनवर राजाचं मुंडकं कापलेलं. गॅरेथ म्हणायचा, आधी दार उघडू, पडदे मागाहून लावू. फक्त त्यानं स्वतःच एक नियम घातला होता, की तपासणीच्या यादीखाली टेस्टरची सही असल्याशिवाय दार उघडायचं नाही. तो नियम घातल्याचा पश्चात्ताप त्याला अकरा वाजता झाला.

अकरा वाजता वहिनींनी दिराच्या लॅपटॉपवर 'ब्रेक घ्या' हे बटण दाबलं. हे बटण म्हणजे, आता पुरे असं वाटलं की माणसानं ते दाबायचं आणि मग चोवीस तास त्याला कुठल्याच टेबलावर बसता येऊ नये. दीर टेबलावरून उठला. वहिनींनी त्याला शेजारच्या टेबलावर बसवून पाहिलं. तो आरामात बसला.

त्या खुर्ची ओढत माझ्याशेजारी आल्या. हीही त्यांची रीत. ज्यानं 'झालं' म्हटलं असेल त्याच्या शेजारी येऊन बसायचं आणि त्याच्यादेखत तपासायचं.

"मंदार, हे बटण तू गुरुवारी झालं म्हणून लिहिलं होतंस."

"एका टेबलापुरतं झालंय, वहिनी. बाकीचं सोमवारी करतो."

"तुला माहीत होतं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, स्क्रीनकडे बघत होत्या, आणि त्यामुळेच ते जमलं नाही. "हो," म्हटलं.

त्यांनी यादी उलटी घातली. गॅरेथ धावत आला. अख्ख्या साइटवर इतक्या खोडी आहेत, त्या सगळ्या चालतात, मग हे एकच बटण का अडवताय, असं तो काकुळतीनं विचारू लागला. आम्ही पाचजण खाली बघत होतो. वहिनी त्याच्याशी इंग्रजीत शांतपणे बोलल्या आणि मग तेच आम्हाला मराठीत सांगितलं. "राजाचं मुंडकं नाही दिसलं तर कोणाचं काही जात नाही. आमच्याकडे चादर पसरून पत्ते चालायचे. आई एकदा पुरे म्हणाली की चादरीचं टोक धरून झटकायची. कोण जिंकून राहिलं, कोण हरून राहिलं, बघायची नाही. ज्याला उठायचं आहे त्याला उठता आलं पाहिजे, तर तो खेळ. नाहीतर मी सही नाही करत."

"वहिनी, माझा व्हिसा आहे हो यावर," मी म्हणालो. लाज सोडून म्हणालो.

"ठाऊक आहे मला. म्हणून तर बसली ना तुझ्याजवळ. कर सुरू."

गॅरेथनं पैसेवाल्यांना फोन लावला आणि दोन तास मागून घेतले. पलीकडून काय ऐकून घेतलं ते त्याच्या कानांच्या रंगावरून कळत होतं. वहिनी शेजारून हलल्या नाहीत. मी एक ओळ लिहायचो, त्या दिराला उठवून बसवून बघायच्या. बसला. पुन्हा ओळ, पुन्हा दीर. तरी बसला. एकदा त्याला टेबल नाकारलं गेलं, पण स्पर्धेत घुसता आलं. "लई चिवट आहे हा, घरीही असाच आहे," वहिनी म्हणाल्या, आणि त्या तणावातही मला फस्सकन हसू आलं. दोनला दहा मिनिटं कमी असताना दिराला सगळीकडून दार बंद झालं. वहिनींनी आणखी चारदा पाहिलं, पेनचं टोपण काढलं आणि सही केली.

दोन वाजता गॅरेथनं बटण दाबलं. पहिलं मिनिट कोणी नाही. दुसऱ्या मिनिटाला आकडा आला, उणे एक. "काका आले!" कोणीतरी ओरडलं. मग एक, चार, अकरा, तीस. माणसं! खरीखुरी, कुठल्या कुठल्या गावांतली माणसं आमच्या टेबलांवर बसत होती. आम्ही एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होतो, तेवढ्यात सपोर्टच्या इनबॉक्समध्ये पहिला मेल आला. एका गृहस्थानं विचारलं होतं की डाव सोडला की ही सुंदर अक्षरं उमटतात त्यांचा अर्थ काय?

त्या घाईत मी गॅरेथच्या इंग्रजी मजकुराची फाइल चढवायचीच विसरलो होतो. अख्ख्या ब्रिटनला 'थांबा, पिसून राहिलो' दिसत होतं. गॅरेथचा चेहरा पाहवेना. वहिनींनी शांतपणे उत्तर टाइप केलं की याचा अर्थ 'बरं केलंत'. पाच मिनिटांत गृहस्थांचं उत्तर, की पत्ते टाकल्यावर आजवर एवढं गोड कोणी बोललं नव्हतं. मग रांगच लागली. दूध उतू जाण्याचा अर्थ कळल्यावर एका बाईंनी लिहिलं की त्यांची आजी हेच म्हणायची. संध्याकाळी गॅरेथनं फर्मान काढलं, मराठी राहू द्या, खाली इंग्रजी लिहा.

त्याआधी, चारच्या सुमाराला एकानं 'ब्रेक घ्या' दाबलं. आम्ही सगळे वहिनींच्या मागे जमलो. पाच मिनिटांनी त्यानं दुसरं टेबल गाठलं. नाही. तिसरं. नाही. स्पर्धा. नाही. मग त्यानं सपोर्टला जे लिहिलं ते इथं देता येणार नाही. वहिनी ते वाचून खुर्चीत मागे रेलल्या. "शिव्या देऊन राहिला, म्हणजे चाललं," म्हणाल्या आणि तेव्हा कुठं त्यांनी पहिला सामोसा उचलला.

साइट चालली. पण माझं काहीतरी बिघडलं. पहिले तीन महिने वहिनी पूर्वीसारख्याच 'झालं' ऐकलं की खुर्ची ओढून यायच्या. मग येईनाशा झाल्या. बाकी चौघांकडे जायच्या, माझ्याकडे नाही. बोलायच्या छान, बुद्धपौर्णिमेला खिरीचा डबा मला वेगळा दिला, पण खुर्ची काही येईना. मी समजलो, त्या गुरुवारचं त्यांनी मनात धरलंय. विचारायची हिंमत झाली नाही. मिलिंददादांना कार्डिफच्या हॉस्पिटलात जागा मिळाली आणि त्या निघाल्या, तेव्हाही मी नुसताच निरोपाच्या कार्डावर नाव लिहून उभा राहिलो.

पुढं एका मोठ्या कंपनीनं साइट विकत घेतली आणि आमचं ऑफिस बंद केलं. साठ दिवस सुरू झाले. बेचाळिसाव्या दिवशी केंब्रिजला मुलाखत होती. रेफरन्ससाठी मी वहिनींचं नाव दिलं होतं, कारण माझं काम त्यांच्याइतकं जवळून पाहिलेलं दुसरं होतंच कोण. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी शेवटी एक कागद पुढे घेतला आणि म्हणाल्या, असा रेफरन्स मी कधी वाचला नाही. मग वाचून दाखवला. 'या माणसानं एकदा न झालेलं काम झालं म्हणून लिहिलं. मी विचारल्यावर खोटं बोलला नाही. माझ्यासमोर बसून ते दुरुस्त केलं. त्यानंतर तीन महिने मी त्याचं प्रत्येक काम तपासलं. मग तपासणं थांबवलं. माझ्या नोकरीत मी ज्याचं काम न तपासता सही केली असा हा एकच माणूस.'

नोकरी मिळाली. कार पार्कमधूनच मी कार्डिफला फोन लावला. "वहिनी, मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर रागावल्या आहात."

"वेडा आहेस का?" त्या म्हणाल्या. "किती बरं वाटायचं मला. तेवढा वेळ मी बसून चहा पीत होती."

मी गाडीत बसून रडलो, आणि त्या पलीकडे फोन धरून थांबून राहिल्या.