विषय क्रमांक पाच: मोकाट जनावर

आमच्या वृद्धाश्रमाच्या कमानीवर चेअरमनसाहेबांचा फोटो होता, आमच्या खोलीच्या खिडकीपेक्षा मोठा. खिडकीतून निदान वारा यायचा. आश्रम साखर कारखान्याच्या ट्रस्टचा. दुष्काळामुळे त्या वर्षी शिवारात ऊस नव्हता, कारखान्याचं धुराडं थंड होतं. ट्रस्टचे सत्कार मात्र जोरात चालू होते. शाल-श्रीफळाला पाणी लागत नाही.

मी निवृत्त शिक्षक. बायको गेल्यावर स्वतःच्या पायांनी इथं आलो. अक्षर बरं, म्हणून सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. होय, आमची दर महिन्याला सभा व्हायची. साहेबांना लोकशाहीची हौस होती. ते विषय वाचायचे, आम्ही हात वर करून "मंजूर!" ओरडायचो, मग चहा. आमच्यातले बहुतेक जण जन्मभर कारखान्याच्या, सोसायटीच्या सभांना जाऊन आलेले. विषय ऐकण्याची पद्धत तिथंही नव्हती.

कुत्री आली ती टँकरमागून. तेलगावकडून येणाऱ्या टँकरची तोटी गळकी होती. रस्त्यावर पडणारं पाणी चाटत चाटत ती आमच्या फाटकाशी पोचली, आणि टँकर गेला तरी थांबली. पिवळी, एक कान फाटलेला.

आमच्यात एक मावशी होती. जन्मभर ऊसतोड केलेली, कोयता चालवून उजवा खांदा निकामी झालेला. लेक टोळीबरोबर कर्नाटकात गेला आणि जाताना तिला इथं ठेवून गेला. त्या दिवसापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. एक शब्द बोलत नव्हती. डॉक्टर येऊन गोळ्या देऊन गेले, त्या उशीखाली साठल्या.

एका दुपारी कुत्री व्हरांड्यातून सरळ आत आली आणि मावशीच्या खाटेखाली आडवी झाली. बऱ्याच वेळानं मावशीनं हात खाली सोडला.

"कोपीवर असलंच व्हतं आमचं," ती म्हणाली. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी. "आमी फडात, लेकरू कोपीत निजलेलं. कुत्रं लेकरापासनं हालायचं न्हाई."

आश्रमातलं तिचं हे पहिलं बोलणं. दुसऱ्या दिवशी ती उठून फाटकापर्यंत गेली, कारण कुत्री तिकडे गेली होती. आठवडाभरात दोघींच्या सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या ठरून गेल्या. बाकीचेही बदलले. एक म्हातारे शेतकरी होते. "मी कारखान्याचा सभासद हाय" हे वाक्य इतक्यांदा म्हणत, की आम्ही त्यांना सभासदच म्हणायचो. त्यांचं ऐकणारं जगात कुणी उरलं नव्हतं. कुत्री ऐकायची, निदान तसं दाखवायची. आम्ही तरी दुसरं काय करत होतो? पाणी प्रत्येकाला तांब्यानं मिळायचं. त्यातला एकेक घोट तिच्या वाडग्यात जायचा. मावशीचा अर्धा तांब्या.

मग ती सभा झाली. साहेब विषय वाचत होते. पाचवा आला: "आश्रमाच्या आवारातील मोकाट जनावराचा बंदोबस्त करणे."

"मंजूर!" सगळे ओरडले. मावशीही. कुत्री तिच्या पायाशीच बसली होती.

मला अर्थ कळला होता. पण हात थांबला नाही. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. पुढची ओळ चहाची.

चहा पिऊन होईतो साहेबांच्या ड्रायव्हरनं कुत्रीला जीपमध्ये घातलं होतं. "दुष्काळात माणसाला पाणी न्हाई, अन् तुमी कुत्री पाळता?" साहेब म्हणाले. "अन् ठराव तुमचाच हाय."

मावशी पुन्हा भिंतीकडे वळली. तिसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन गेलो, तेव्हा तिनं मान माझ्याकडे फिरवली.

"तुमी लिवलं का, गुरुजी?"

"लिहिलं."

"आन् मी बी म्हनले, मंजूर?"

"म्हणालात."

"मुकादमापुढं व्हय म्हनायचं वळण पडलंय तोंडाला," ती म्हणाली. भाकरी तशीच राहिली.

पुढच्या सभेपर्यंत ती जेमतेम तग धरून होती. दिवसातून दोन घास, तेही मी समोर बसलो तर. ती अशीच पडून संपणार हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

तोड सभासदांनी काढली. "गुरुजी, पहिला विषय काय अस्तो? मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. त्ये कायमच झालं न्हाई, तर ठराव कुठला?"

हे कायद्यात बसतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. साहेबांनाही ठाऊक नसणार, याची मात्र खात्री होती.

अडचण वेगळीच निघाली. 'नामंजूर' हा शब्द कुणाच्या तोंडात बसेना. लिंबाखाली आम्ही रोज सराव केला. सभासद "ना" म्हणून दम खायचे आणि मग मोठ्यानं "मंजूर!" वर हातही.

"तुमी नुसतं 'ना' म्हना हो," खिडकीआडच्या खाटेवरून मावशी ओरडली. "फुडलं आमी बगतो."

त्या सभेला प्रमुख पाहुणे होते, फोटोवाला होता, शालींचा गठ्ठा होता. मावशीला आम्ही धरून आणून भिंतीशी बसवलं होतं. साहेबांनी पहिला विषय न बघता म्हटला, "मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. मंजूर?"

"नामंजूर!"

साहेब पुढच्या विषयावर गेले होते. ते परत आले. "काय?"

"नामंजूर," सभासद एकटेच म्हणाले, अगदी स्वच्छ. "पाचव्या विषयावर आमची हरकत हाय."

"कावून? तुमीच मंजूर केलता की!"

"ऐकलं न्हवतं. आज ऐकलंय."

पाहुणे हसले. फोटोवाल्यानं कॅमेरा आमच्याकडे वळवला. साहेब मऊ आवाजात म्हणाले, "अहो, पाण्याचा प्रश्न हाय..."

मावशी उठली. भिंतीला धरून उठली, पण उठली. "कुत्री माझ्या तांब्यातलं पिती, साहेब. तुमच्या फोटोला हार घालताव, तवा फुलांवर पानी मारायला कुनाचा तांब्या अस्तो?"

पुढचा प्रत्येक विषय नामंजूर झाला. पाहुण्यांच्या स्वागताचासुद्धा. पाहुण्यांना स्वतःला तो निर्णय पटलेला दिसला. शेवटी साहेब ड्रायव्हरकडे बघून म्हणाले, "आण बाबा ती कुत्री, जिथं सोडली तिथनं."

गेवराईजवळ हमरस्त्यावरच्या एका ढाब्यामागं ती सापडली. ड्रायव्हरला दोन दिवस लागले. जीपमधून उतरली ती कुणाकडे न बघता खाटेखाली गेली. त्या दिवशी मावशीनं दोन भाकऱ्या मागितल्या. एक कुणासाठी, ते विचारायची गरज नव्हती.

आठवड्यानं ट्रस्टचा निरोप आला: इतिवृत्त नीट लिहा, 'माननीय चेअरमनसाहेबांच्या उदार अनुमतीने कुत्रीस आश्रमात ठेवण्यात आले' असं. मी वही मावशीसमोर धरली आणि वाचून दाखवली, ट्रस्टला हवं होतं ते नव्हे, मी लिहिलं होतं ते: विषय क्रमांक पाच, नामंजूर, सूचक मावशी.

तिनं शाईचा अंगठा उठवला. मग हात धुवायला पाणी कुठलं, म्हणून तो कुत्रीच्या पाठीवर पुसला. पिवळ्या पाठीवर निळा डाग पडला.

निरोप घेऊन आलेल्या माणसाला मी सांगितलं, वहीत खाडाखोड होणार नाही. साहेबांना हवं तर तेवढी पाठ त्यांनी धुऊन काढावी. पाणी मात्र त्यांच्या बंगल्यातून आणावं.