दगडूभाऊंची पवना युनियन

पवना युनियनची मॅच असली की दगडूभाऊ आलेल्या माणसांना न आलेल्या माणसांच्या वाटणीच्या शिव्या घालत. सगळ्यांच्या आधी येऊन ते मैदानाच्या बांधावर उभे राहत, पटका सैल करत आणि खेळाडूंकडे पाठ फिरवून माणसांकडे बघत. "ह्यो आला. ह्याचा भाऊ कुटं हाय? घरात अंडी उबवितोय काय?" ज्याला विचारलं तो बिचारा वेळेवर येऊन, जागा धरून, मुकाट बसलेला असे. भावाच्या वतीने तोच मान खाली घाली.

मला ते पहिल्यांदा भेटले तेही असेच. मी रत्नागिरीकडचा. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, तिथे स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागलो होतो आणि चिंचवड गावात खोली घेऊन राहत होतो. रविवारी दुपारी नदीकडे आरडाओरडा ऐकू आला म्हणून गेलो, तर एक उंच, काळासावळा, पन्नाशीचा माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मागल्या रविवारी कुटं व्हता?"

"मागल्या रविवारी मी रत्नागिरीत होतो."

"मंग आधी याया काय झालं व्हतं? एका गोलानं हरलो आमी."

मी आलो असतो तर तो गोल चुकला असता, अशी त्यांची खात्री दिसली. त्या दिवसापासून मी त्यांचा 'पाव्हणं' झालो, आणि मला इंग्रजी लिहिता येतं हे कळल्यावर महिन्याभरात क्लबचा सेक्रेटरीही झालो.

दगडूभाऊ गावातले जुने शेतकरी. नदीकाठाला त्यांची पेरूची बाग होती. तरुणपणी ते खडकीच्या लष्करी बराकींत भाजीपाला पोचवायला जात. तिथे गोऱ्या सोल्जरांचा फुटबॉल बघत उभे राहायचे, आणि गाडीतली भाजी सुकून जायची. स्वतः ते कधी खेळले नाहीत. "आमचे पाय नांगरामागं चालायचे. बॉलला लात मारायची म्हंजी अन्नाला लात मारल्यावानी वाटायचं," असं म्हणत. पण गावातल्या पोरांनी क्लब काढला तेव्हा गोलाच्या बल्ल्यांसाठी लाकूड दिलं ते त्यांनीच. त्यांची बायको सरूबाई म्हणे, "सवत आणली असती तर निदान भाकरी तरी थापली असती तिनं. ह्या बॉलचा काय उपेग?"

पाऊस सुरू झाला की पुण्याच्या लीगचा मोसम सुरू होई. त्याआधी मारुतीच्या देवळापुढच्या पारावर चर्चा रंगायची. आम्ही कायम खालच्या गटात. वरच्या गटात जायचं हे सगळ्यांचं स्वप्न, आणि यंदा ते कसं शक्य नाही हे सिद्ध करणं हे दगडूभाऊंचं काम. "गोलकीपर उंच हाय, पर डोळा तिरका हाय. बॉल हिकडून येतो, ह्यो तिकडं बघतो. बॅक चांगला हाय, पर त्याचं लगीन ठरलंय. आता त्यो पळायचा न्हाई." फक्त सोपानाबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत. सोपाना आमचा सेंटर फॉरवर्ड. दापोडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता आणि पायाला नुसती पट्टी बांधून खेळायचा. बूट घाल म्हटलं तर म्हणायचा, "बुटात बॉल कळत न्हाई." दगडूभाऊ मान डोलवत. "त्याचा पाय बॉलशी बोलतो. बाकीचे नुसते बॉलवर वरडतात."

जुनं मैदान म्हणजे गावचं गायरान. पावसात चिखल इतका की हाफटाइमनंतर आपला कोण आणि परका कोण ते ओळखू येत नसे. पण गाव तिथून हाकेच्या अंतरावर होतं. गुरं सोडायला आलेला माणूस बांधावर टेकायचा, धुणं धुवायला आलेल्या बायका पिळे खांद्यावर टाकून उभ्या राहायच्या. हरलो तर सगळं गाव मिळून रेफ्रीचा उद्धार करत घरी जायचं.

मग ते गायरान कारखान्यांसाठी घेतलं गेलं. त्याच्या बदल्यात एका कंपनीने रेल्वेलाइनच्या पलीकडे क्लबला नवं मैदान देऊ केलं. त्या कंपनीचे लेबर ऑफिसर आमच्या क्लबचे अध्यक्ष झाले होते. हौशी माणूस, मनाने वाईट नव्हे. त्यांनी शाळेत सभा घेतली आणि नकाशा उलगडून दाखवला. मुरमाची सपाट जमीन, पाणी साचायचं नाही, लोखंडी गोलपोस्ट, भोवती तारेचं कुंपण, अधिकाऱ्यांना बसायला मंडप. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून दगडूभाऊ उठले.

"सायेब, मैदान झ्याक हाय. पर मानूस कुटनं येनार?"

"कुठून म्हणजे? गावातूनच."

"गावातनं निगायचं, फाटकावर गाडी जाईस्तवर हुबं ऱ्हायचं, फुडं उघड्या माळानं चालायचं. झाड न्हाई, पानी न्हाई. आन् तिथं हुबं कुटं ऱ्हायचं? तारंच्या भाईर? खेळ बगायचा का तुरुंग?"

साहेब हसले. "अहो दगडूभाऊ, टीम चांगली झाली की माणसं आपोआप येतात."

"आपोआप गवत येतं, सायेब. मानसं बलवावी लागत्यात."

ठराव मंजूर झाला. विरोधात हात एकच होता. खरं सांगायचं तर मलाही साहेबांचंच पटलं होतं, कारण चिखलात लडबडलेला बॉल मीच धूत असे.

नव्या मैदानावरचा पहिला मोसम सुरू झाला आणि दगडूभाऊंचं म्हणणं खरं ठरायला लागलं. पहिल्या मॅचला कुतूहल म्हणून गाव आलं. दुसऱ्या मॅचला निम्मं. पावसाची सर आली की आडोसा फक्त मंडपात, आणि मंडपाच्या तोंडाशी वॉचमन. मग नुसती पोरंटोरं येऊ लागली, मग तीही कंटाळली. चिडचिड करायची तर कोणावर? खेळ तर सुधारला होता. सपाट मैदानावर सोपानाचे पास असे सुटत की बघत राहावं. आम्ही जिंकायला लागलो. गोल झाला की अकरा खेळाडू ओरडत, मंडपातून चार टाळ्या येत, आणि पलीकडच्या माळावरून काहीच येत नसे.

"हरत व्हतो तवा अख्खं गाव रडाया यायचं," दगडूभाऊ म्हणत, "आता जिंकतोय तर टाळी वाजवाया कुनी न्हाई. ह्या जिंकन्याचं काय लोनचं घालायचं?"

पण ते नुसते बोलून थांबले नाहीत. दर रविवारी बैलगाडी जुंपायची, पारापासून माणसं भरायची आणि फाटक ओलांडून मैदानावर नेऊन सोडायची, असा त्यांनी सपाटा लावला. लोक गाडीत बसत, पण मॅच संपायच्या आधीच "भाऊ, चला की, धारा काढायच्यात" म्हणून मागे लागत. एकदा गोल व्हायच्या ऐन वेळी गाडीतला एक जण बैल मोकळे सोडून घराकडे चालू लागला, तेव्हा दगडूभाऊ गोल बघायचा सोडून बैलांमागे धावले. तो गोल त्यांना दिसला नाही. ते दुःख त्यांनी मोसमभर सांगितलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही खरोखरच वर जाण्याच्या बेतात आलो. शेवटची मॅच जिंकायची, की वरचा गट. मॅच आमच्याच मैदानावर. पण तारीख कळली आणि दगडूभाऊ कपाळाला हात लावून बसले. त्या दिवशी बैलपोळा होता.

पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नसतं, म्हणजे गाडी बंद. आणि संध्याकाळी देवळापुढून बैलांची मिरवणूक, म्हणजे गावही बंद. दगडूभाऊ आधी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, तारीख पुण्यात ठरते, आपल्या हातात नाही. मग पाटलांकडे गेले, मिरवणूक जरा लवकर काढा म्हणाले. पाटील भडकले. "बैल सालभर राबतो, त्याचा ह्यो एक दिस. तुमचा बॉल रोजचाच हाय. पुन्यांदा असलं काय बोलू नका."

मॅचच्या दिवशी मंडपात कारखान्याचे काही लोक होते. तारेबाहेर कोणीच नव्हतं. खेळ सुरू झाला तरी दगडूभाऊंचा पत्ता नाही. मला वाटलं, अखेर गावापुढे त्यांनी हात टेकले. एवढ्यात फाटकाच्या दिशेने घुंगरांचा आवाज आला. बघतो तर दगडूभाऊ आपले दोन्ही बैल हाताने धरून चालत येत होते. शिंगं हिंगुळाने रंगवलेली, अंगावर झुली, गळ्यात घुंगुरमाळा. वॉचमन धावला. दगडूभाऊ त्याला म्हणाले, "आत येत न्हाई बाबा. आमी भाईरचेच हाय." आणि बैलांना घेऊन ते तारेपाशी, थेट गोलाच्या मागे उभे राहिले.

"हे काय हो?" मी पळत जाऊन विचारलं.

"बैलांचा सण बुडवायचा न्हाई आन् मॅच बी बुडवायची न्हाई. गाव येत न्हाई, ही दोगं तरी आली. हितंच मिरवनूक."

सोपानाने उत्तरार्धात गोल केला. बॉल जाळीत गेला तसा तो मंडपाकडे न जाता सरळ तारेकडे धावत गेला आणि तारेतून हात घालून बैलाच्या पाठीवर थाप मारली. बैल दचकला, घुंगरं खणखणली. दगडूभाऊ हसत होते आणि डोळे पटक्याने पुसत होते. आम्ही जिंकलो. वरच्या गटात गेलो.

गावाने मात्र ते मनाला लावून घेतलं. दगडूभाऊंच्या बैलांविना पोळ्याची मिरवणूक निघाली, असं कधी झालं नव्हतं. पाटलांनी पारावर त्यांच्याशी बोलणं टाकलं. सरूबाई तर पुरणपोळीचं ताट घेऊन गोठ्यापाशी वाट बघत बसली होती. कितीतरी दिवस ती नवऱ्याशी बैलांमार्फत बोलत असे. "तुमच्या धन्याला म्हनावं, चहा झालाय."

आणि एवढं करून मिळालं काय? वरच्या गटाच्या सगळ्या मॅचेस पुण्यात होणार, असं पत्रक आलं. म्हणजे नवं मैदानही गेलं. वाढता खर्च आपणच करतो म्हणून कंपनीने क्लबला आपलं नाव दिलं. पुण्याच्या कॅम्पातून, खडकीतून तयार खेळाडू आणून त्यांना नोकऱ्या दिल्या. सोपाना दुसऱ्या कारखान्यातला, शिवाय बूट न घालणारा. त्याला पहिल्याच मॅचला वगळलं. दगडूभाऊ, सोपाना आणि मी, तिघे आगगाडीने पुण्याला गेलो. गर्दी भरपूर होती, पण ती दुसऱ्या संघाची. दगडूभाऊ उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि तसेच थांबले. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पाव्हणं, आपल्या त्या सेंटर फॉरवर्डाचं नाव काय हो?"

मी सांगितलं. त्यांनी ते नाव एकदा मोठ्याने पुकारलं. तो खेळाडू चमकून वळला, गर्दीत कोण ओळखीचं ते शोधू लागला आणि कोणी नाही असं बघून परत खेळायला लागला. दगडूभाऊ खाली बसले. शेजारी सोपाना शेंगा सोलत होता. त्याने सोललेले दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले.

दुसऱ्या सकाळी ते साहेबांच्या बंगल्यावर गेले. मला बरोबर घेतलं. "सायेब, टीम तुमची, बूट तुमचे, सगळं ठेवा. आमचं नाव तेवढं आमाला द्या."

"कुठलं नाव?"

"पवना युनियन. तुमी आता वापरत न्हाई नव्हं?"

साहेबांना ते लागलं असावं. "घेऊन जा," एवढंच म्हणाले.

त्या नावाने आम्ही पुन्हा सगळ्यात खालच्या गटात अर्ज केला. मैदान नव्हतं, म्हणून प्रत्येक मॅच दुसऱ्यांच्या मैदानावर. कप्तान सोपाना, आणि बाकी सगळी वर्कशॉपमधली, गावातली पोरं, पाळीवरून थकून येणारी. दगडूभाऊ प्रत्येक मॅचला आमच्याबरोबर गाडीने येत. आम्ही हरायचो, आणि ते परतीच्या गाडीत प्रत्येकाला त्याची चूक समजावून सांगत. पोरं चिडत. एकदा एक जण म्हणाला, "भाऊ, आमी हरनारच हाय, तर कशाला येता?" ते म्हणाले, "आरं, जिंकनाऱ्यामागं सगळेच येत्यात. हरनाऱ्याचं तिकीट कुनी काढायचं?"

पुढल्या वर्षी माझी बदली मुंबईला झाली. दगडूभाऊ त्याच वर्षीच्या थंडीत न्यूमोनियाने गेले, हे मला एका सहकाऱ्याकडून फार उशिरा कळलं. त्यामुळे शेवटची भेट ती चिंचवड स्टेशनवरचीच. ते पेरूची करंडी घेऊन पोचवायला आले होते. मला वाटलं, निरोपाचे दोन शब्द बोलतील. पण त्यांना वेगळाच घोर लागला होता. डाव्या बाजूचा बॅक गुडघ्याने गेला होता आणि मोसम तोंडावर आला होता.

"सोपाना म्हनतो, त्यो वर्कशॉपातला धाकटा घ्या. मी म्हनतो, त्यो पळतो, पर वळत न्हाई."

"मग दुसरा कोण आहे?"

"त्येच सांगतोय नव्हं! तुमी आपले गाडीत चढायच्या घाईत."

गाडी सुटली. ते खिडकीबरोबर चालू लागले, मग भराभर चालू लागले, हातवारे करून सांगत राहिले. कोणाचं तरी नाव त्यांनी घेतलं. मी "काय?" म्हणून ओरडलो, त्यांनी ते पुन्हा सांगितलं, पण इंजिनाने शिट्टी दिली आणि त्यात ते बुडालं. फलाटाच्या टोकाशी ते कमरेवर हात ठेवून, वैतागून उभे राहिलेले दिसले. त्या वर्षी डाव्या बॅकला कोण खेळलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.